गटचर्चा की सामूहिक पाठांतर?

नागपुरातील एका महाविद्यालयात (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, ते कोणतेही असू शकले असते) 'वाडा चिरेबंदी'वरील गटचर्चा ऐकण्याचा योग नुकताच आम्हांस आला. चर्चा चालवणारे प्राध्यापक अभ्यासू होते. त्यांनी प्रारंभीच फळ्यावर 'सरंजामी मूल्यांचा ऱ्हास' असे लिहिले, आणि खरे तर चर्चा तेथेच संपली. पुढचा पाऊण तास विद्यार्थी क्रमाने उठून तोच शब्द निरनिराळ्या विशेषणांसह सरांना परत करीत राहिले.

मागच्या बाकावरील एका मुलाने मात्र विचारले, "तेराव्याच्या गावजेवनाची गोष्ट निघते, त्या गावात आमच्या लोकायची पंगत कुठं बसली असती?" वर्गात हशा पिकला. सरांनी 'लोकायची'चे 'लोकांची' करून दिले आणि विषयाला धरून बोलण्याची सूचना केली. मुलगा खाली बसला.

महेश एलकुंचवारांचे हे नाटक विजया मेहता यांनी १९८५ साली रंगभूमीवर आणले. त्यातले देशपांडे कुटुंब वऱ्हाडी वळणाचेच मराठी बोलते, आणि मुंबईहून आलेल्या सुनेच्या बोलण्याशी त्याचा जाणवणारा फरक हा नाटकाच्या अर्थाचाच भाग आहे. मग वाड्याची वऱ्हाडी रंगमंचावर 'अस्सल' आणि वाड्याबाहेरची वर्गात 'अशुद्ध', हा न्याय कोठला?

शिवाय प्रश्न विषयाला सोडून नव्हताच. तेराव्याच्या खर्चावरूनच भास्कर आणि सुधीर एकमेकांना जोखतात. ऐपत सरलेली असताना गावाला जेवू घालण्याची ओढ कशातून येते, 'गाव' म्हणताना वाडा कोणाकोणाला मोजतो, हे शोधायला सरांनी इतकेच म्हणायचे होते: "पुस्तके उघडा." पाच मिनिटे कोणी बोलले नसते. न बोलू द्यावे. मग कोणी अंगणात पडून असलेल्या ट्रॅक्टरविषयी विचारले असते, कोणी शिक्षण अडवले गेलेल्या प्रभाविषयी. वर्गात निम्म्याहून अधिक मुली होत्या. प्रभाचे नाव एकीनेही घेतले नाही.

अशाने वाङ्मयचर्चेची समाजशास्त्रीय सभा होते, असा आक्षेप आमच्या एका स्नेह्याने घेतला. आम्हांस नेमके उलट वाटते. 'ऱ्हास' हा शब्द मार्गदर्शिकेतून आला होता, पंगतीचा प्रश्न संहितेतून. ज्यांच्या आजोबांनी १९५६ साली याच शहरात दीक्षा घेतली, त्यांच्या नातवंडांना वाडा ढासळताना नेमके काय दिसते, हे न विचारता 'ऱ्हास' शिकवणे म्हणजे वाड्याच्या ओसरीवरूनच नाटक वाचणे होय.

तास संपल्यावर आम्ही त्या मुलाला गाठले. त्याच्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले आणखी चार प्रश्न होते. पुढल्या वेळी विचारशील ना, असे म्हणताच तो हसला.

"गाईडातलं सांगीन, सर. मार्क भेटतात."