चहाची आणेवारी

पीक तयार झाले की गावात त्याची आणेवारी ठरते. सरकारी कागदावर तिला आता पैसेवारी म्हणतात आणि ती पन्नास पैशांच्या आत आली की टंचाईची बोलणी सुरू होतात. पण आमच्या घरची वडीलधारी माणसे अजून सोळा आण्यांनीच मोजतात. त्याच मापाने या खेपेला चहा मोजू या. रोजचा साधा चहा नव्हे, वासाचा चहा. वेलचीचा, लिंबाचा, मोगऱ्याचा, पुदिन्याचा.

बोईसरच्या दुकानांत अशा चहांची रंगीत खोकी आता रांगेने मांडलेली दिसतात. पाहुणा आला की असले खोके काढण्याची चालही खेड्यापाड्यांत शिरू लागली आहे. साध्या चहापेक्षा त्याला पैसे बरेच जास्त पडतात. ते जास्तीचे पैसे कशाचे आणि ते द्यावेत की नाहीत, एवढाच आजचा प्रश्न आहे.

माझ्या फडताळात वासाच्या चहाचे एकवीस डबे आहेत. काही मी विकत आणले, पुष्कळसे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दिले. आमची बाजूच तशी आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढली आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे बोईसरला राहायला आली. त्यांच्याबरोबर त्यांचे चहाही आले. केरळच्या शेजारणीने तिच्याकडचा शिकवला, काश्मीरला जाऊन आलेल्यांनी कहव्याचे सामान आणले, आखाती देशात नोकरीला असलेल्या भाच्याने विलायती डबे धाडले.

आणेवारी करायची तर माप एकच हवे. म्हणून घरात नियम ठरवला. पाणी एकच, भांडे एकच, कपाला सपाट चमचाभर चहा. पहिला घोट बिनदुधाचा आणि बिनसाखरेचा, मग दूधसाखर घालून दुसरा. दोन चहांच्या मध्ये साध्या पाण्याची चूळ आणि चार कुरमुरे. चहाच्या कंपन्यांतले चाखणारे मोठ्याने भुरका मारून चहा तोंडात फिरवतात आणि थुंकून टाकतात. भुरका मारला की वास नाकापर्यंत चढतो. आमच्या सासूबाई बशीतून भुरके मारतात, म्हणजे त्यांची परीक्षा शास्त्राला धरूनच आहे. थुंकायला मात्र त्या तयार नाहीत.

पाण्याचे आधीच सांगून ठेवते. किनाऱ्याला लागून असलेल्या गावांत बोअरला खारे पाणी लागते. त्या पाण्यात कितीही चांगला चहा टाका, चव मळकट येते आणि वर साय धरल्यासारखा तवंग येतो. चहापुरते गोड्या विहिरीचे पाणी वेगळे भरून ठेवावे.

आता बाजारच्या चहांपासून सुरुवात करते.

वेलचीचा म्हणून मिळणारा तयार चहा. पुडा फोडताच घरभर घमघमाट सुटतो. पण चहा उकळला की तो वास वाफेबरोबर निघून जातो आणि कपात उरतो तो साधा दाणेदार चहा. असे का, तर अशा पुष्कळ पुड्यांत वेलचीचा दाणा नसतोच, वेलचीच्या वासाचा अर्क चहावर फवारलेला असतो. पुड्यावरचा बारीक मजकूर वाचला की कळते. घटकांत ‘वेलची’ लिहिले आहे की ‘वेलचीचा स्वाद’, एवढे पाहा. आणेवारी सहा आणे.

लिंबाच्या वासाच्या कागदी पुड्या. गरम पाण्यात बुडवून प्यायच्या. कोऱ्या चहाला पाच आणे. दूध घालू नये. सासूबाई म्हणाल्या, “वास साबणाचा, चव पाण्याची.” यावर मी काय जास्त लिहू?

भाच्याने पाठवलेला विलायती डबा बर्गमॉटचा आहे. बर्गमॉट हे लिंबाच्या जातीचे फळ, इटलीच्या दक्षिण टोकाला पिकते. त्याच्या सालीचे तेल चहाला लावतात. इंग्लंडचे एकेकाळचे पंतप्रधान अर्ल ग्रे यांच्या नावाने तो जगभर विकला जातो. कोरा घेतला तर वास प्रसन्न, बारा आणे. आपल्यासारखे दूध घालून उकळला तर तुरट लागतो, सात आणे.

काश्मिरी कहवा. हिरवा चहा, केशर, दालचिनी, वेलची आणि वरून बदामाचे काप. थंडीच्या दिवसांत छातीला उब देणारा. चवीला तेरा आणे, पण केशराचा भाव धरला तर सणावारीच परवडेल.

केरळच्या शेजारणीचा सुलेमानी. कोऱ्या चहात वेलची ठेचून घालायची, उतरवल्यावर लिंबू पिळायचे. लिंबाचा थेंब पडताच काळपट चहा सोन्यासारखा उजळतो आणि मुले बघत राहतात. खर्च नाही, दूध नाही, भरपेट जेवण झाल्यावरही जड होत नाही. तेरा आणे.

आता मोगऱ्याचा चहा. याच्याकडे शेतकऱ्याने मुद्दाम पाहावे. चीनमध्ये, विशेषतः फूचौच्या बाजूला, हा चहा फार जुना. तिथे जे फूल वापरतात ते आपल्या मोगऱ्याच्याच जातीचे. विक्रमगड-जव्हारकडच्या शेतांतून ज्याची कळी खुडून दादरच्या फुलबाजाराला जाते, तोच हा मोगरा. ते लोक दिवसा टपोरी कळी खुडतात आणि संध्याकाळी ती सुक्या हिरव्या चहात मिसळून ठेवतात. रात्री कळी उमलते, वास सोडते आणि चहा तो शोषून घेतो. सकाळी फुले चाळून काढतात आणि चहा पुन्हा सुकवतात. उंची चहाला असा वास चार-पाच रात्री देतात. चहात वरून काही फवारलेले नाही, फुलाचाच वास चहाच्या अंगात मुरलेला आहे. चौदा आणे.

आपल्या अंगणात मोगरा असेल तर थोडा हिरवा चहा घेऊन हे करून पाहता येईल. एक गोष्ट मात्र कधी विसरू नका. बाजारासाठी लावलेल्या मोगऱ्यावर कळी पोखरणाऱ्या अळीसाठी औषध मारतात. ते फूल किंवा बाजारचा गजरा चहात घालायचा नाही. घरचे, औषध न मारलेले झाडच त्याला चालते.

चहा वास ओढून घेतो, हा त्याचा गुण तसाच दोषही आहे. फडताळात सुकटीशेजारी किंवा सुक्या बोंबलांशेजारी उघडा डबा ठेवला तर आठ दिवसांत चहाला सातपाटीचा बाजार आठवतो. रॉकेल, मसाला आणि अंगाचा साबण यांच्याजवळही नको. घट्ट झाकणाचा डबा, कोरडी जागा आणि कोरडा चमचा, एवढे पुरे.

बाजार झाला, आता अंगणात येऊ.

चिकू आमच्याकडचा नामांकित. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सुकवलेल्या चिकूच्या फोडी चहात उकळून पाहिल्या. गोडी उतरते, पण वास उतरत नाही. चिकू खावा, चहात घालू नये. चार आणे. तुळशीचा चहा सर्दीपडशात बरा वाटतो, रोजच्या पिण्याला उग्र. नऊ आणे. दूधसाखरेतला आल्याचा चहा पावसाळ्यात भाताच्या लावणीवरून भिजून आलेल्या माणसाला विचारावा. चौदा आणे.

आणि गवती चहा. नाव चहा असले तरी हे चहाचे झाड नव्हे. काळा असो की हिरवा, खरा चहा एकाच झुडपाच्या पानांचा होतो. ती पाने जास्त वेळ हवेत काळी पडू दिली तर काळा, लगेच वाफ किंवा आच देऊन सुकवली तर हिरवा. गवती चहा ही गवताची जात, ऊस-ज्वारीच्या कुळातली. तिच्या पातीत लिंबासारख्या वासाचे तेल असते. दुकानातली लिंबाची पुडी ज्या वासाची नक्कल करते, तो मोरीच्या कडेला फुकट वाढत असतो. दूध घालून पंधरा आणे. पाड्यावर करतात तसा गूळ घालून कोरा केला तरी चौदा आणे.

पण पहिला नंबर डहाणू-बोर्डीच्या पारशी-इराणी घरांतल्या चहाचा. गवती चहाची पात आणि पुदिना दोन्ही एकत्र घालून ते करतात. पुदिन्याचा गारवा आणि पातीचा लिंबासारखा वास एकमेकांना दाबत नाहीत. आमच्या घरात पाचही जणांनी हात वर केला. साडेपंधरा आणे. सोळा कुणालाच दिले नाहीत, कारण सोळा आणे पीक आमच्या शेतातही अजून कुणी पाहिलेले नाही.

हे चहा बिघडतात ते करण्याच्या रीतीने. म्हणून रीत सांगते. आले ठेचून आधी पाण्यात घालावे आणि चांगली उकळी येऊ द्यावी, मग चहापूड, मग दूध. कच्च्या आल्यात दूध फाडणारा अंश असतो, तो उकळीने मरतो. गूळ चहा उतरवल्यावर घालावा, नाहीतर दूध फाटते. गवती चहाची पात कात्रीने बारीक कापून उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवावी. पुदिना आणि तुळस अगदी शेवटी घालून वर झाकण ठेवावे. पानांचा वास तेलाचा असतो आणि वाफेबरोबर उडतो. उघड्या टोपात दहा मिनिटे खळखळवले तर वास शेजाऱ्याला आणि चोथा आपल्याला.

आता पैशाचा हिशेब. पंचवीस कागदी पुड्यांच्या खोक्यात पुडीला दोन ग्रॅम धरले तर अवघा पन्नास ग्रॅम चहा असतो. खोके दीडशे रुपयांचे असेल तर किलोला तीन हजार रुपये पडले. खोके घेताना वजन पाहून असा हिशेब घरातल्या शाळकरी मुलाकडून करून घ्या. त्यापेक्षा साधाच, पण चांगला चहा घ्यावा आणि वास अंगणातून आणावा.

सुटा चहा घेताना एक परीक्षा करा. ओल्या टिपकागदावर चिमूटभर चहा पसरा, थोड्या वेळाने झटकून कागद नळाखाली धरा. काळपट तपकिरी डाग राहिले तर त्यात रंग मिसळलेला आहे. चहावरून लोहचुंबक फिरवून पाहा, लोखंडाचा कीस असेल तर चिकटेल.

आणखी एक गोष्ट मायबहिणींसाठी. चहा वासाचा असो की साधा, जेवणाबरोबर घेतला तर अन्नातले लोह अंगाला कमी लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या सल्ल्यात जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा टाळायला सांगितले आहे. आपल्या बायकांत रक्त कमी असण्याची तक्रार घरोघरी आहे. सकाळी पोळी चहात बुडवून खायची आणि दुपारपर्यंत राबायचे, ही रीत त्यात भर घालते. भाकरी-भाजी आधी खा, चहा तासाभराने घ्या. लहान मुलांना चहा देऊच नये. मोठ्यांच्या पंगतीत त्यांना हौस वाटलीच तर चहापूड न घालता पात आणि गूळ उकळून द्यावा.

गवती चहाची लागवड सोपी आहे. पावसाळ्याच्या तोंडी जुन्या ठोंबातले दोन-तीन फुटवे मुळांसकट सोडवून घ्या. वरची पात छाटून, पाणी तुंबणार नाही अशा जागी दीड-दोन हातांच्या अंतराने लावा. मोरीचे पाणी वळवले तर उन्हाळाही निभावतो, फक्त साबणाचे पाणी थेट मुळावर नको. ठोंब भरला की जमिनीपासून वीतभर ठेवून पात कापावी, पुन्हा फुटते. चार-पाच वर्षांनी ठोंब दाटला की फोडून नव्या जागी लावावा. पात जास्त झाली तर सावलीत सुकवून डब्यात भरावी. उन्हात सुकवली तर रंग आणि वास दोन्ही जातात.

दोन ठोंब एका घराला वर्षभर पुरतात. लेक सासरी जाताना किंवा पाहुणा निघताना एक फुटवा ओल्या फडक्यात बांधून द्यावा. आमच्या आळीतल्या सगळ्या घरांचा गवती चहा अशाच एका ठोंबापासून झाला आहे.