सोडली कीं सुटली?

‘सोडणें’ सकर्मक आणि ‘सुटणें’ अकर्मक, हें मीं पस्तीस वर्षें वर्गांत शिकविलें. ‘त्यानें नोकरी सोडली’ म्हटलें कीं सोडणारा समोर दिसतो. ‘त्याची नोकरी सुटली’ म्हटलें कीं ती कोणीं सोडविली, हें झांकलें जातें. हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे, हें मला गेल्या वर्षीं माझ्या पुतण्यामुळें कळलें.

रात्रीं पंक्तीला बसलों कीं बाणेदार राजीनाम्यांच्या गोष्टी सांगण्याची मला हौस. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं सरकारी नोकरी सोडली व १८८० सालीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढलें. आजीव सभासदांच्या वेतनाच्या व बाहेरील प्राप्तीच्या तत्त्वावरून मतभेद झाले, तेव्हां टिळकांनीं १८९० सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. पुतण्या खालीं मान घालून ऐके. त्याची नोकरी जाऊन तेव्हां दीड महिना झाला होता, आणि तरीही तो रोज सकाळीं डबा घेऊन बाहेर पडत होता.

तो एका खासगी कचेरींत सात वर्षें हिशेबाचा कारकून होता. खातें बंद झालें. त्याच्या हातून चूक झाली नव्हती. वरिष्ठांनीं तयार राजीनामा पुढें ठेवला. त्यांत ‘स्वेच्छेनें’ हा शब्द आधींच छापलेला होता. घाबरून त्यानें सही केली. कामगारकपात झाल्यास अशा नोकरास कायद्यानें नोटीस व सेवेच्या वर्षांप्रमाणें भरपाई मिळते. स्वखुषीनें जाणाऱ्यास ती मिळत नाहीं. तृतीयेच्या एका रूपाची एवढी किंमत! पांच वर्षांच्या सलग सेवेनंतरची ग्रॅच्युइटी राजीनामा दिला तरी बुडत नाहीं, हेंही त्यास ठाऊक नव्हतें.

मी रागावून विचारलें, “घरांत कां सांगितलें नाहींस?”

तो म्हणाला, “काका, टिळकांनीं सोडली. माझी सुटली. तुमच्यापुढें काय सांगणार होतों?”

मला उत्तर सुचलें नाहीं. चिपळूणकरांपाशीं निबंधमाला होती, टिळकांपाशीं केसरी होता. पुढचें कार्य हातीं असलेल्याचा राजीनामा शोभून दिसतो. तो मापदंड मीं या मुलाला लावला होता.

वाचकहो, आपल्या घरांतील मुलांना एवढें अवश्य सांगून ठेवा, कीं असा कागद पुढें आला तर त्याच जागीं सही करूं नये. एक दिवसाची मुदत मागावी व जाणत्यास दाखवावा. पण मुलानें तो घरीं आणावा, असें घर राखणें हें आम्हां वडील माणसांचें काम आहे. पुतण्यास आतां दुसरीकडे काम मिळालें आहे. राजीनाम्यांच्या गोष्टी मात्र मीं बंद केल्या आहेत.