एक पासवर्ड, अकरा माणसं

मागच्या अंकात आम्ही बॅकअपचं पुराण लावलं होतं. आता पुढचा अध्याय.

गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या तयारीसाठी आम्ही मोठ्या हौसेने मंडळाला प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर लावून दिलं. शाळेचा हॉल, साउंड सिस्टिम, मोठी पातेली, स्वयंसेवक, सगळे 'रिसोर्सेस' एका यादीत. खातं मात्र एकच काढलं आणि पासवर्ड कमिटीच्या अकराही जणांना सांगून टाकला. "आपलीच माणसं, वेगळी खाती हवीत कशाला?" हे शब्द आमचेच.

उत्सव आठ दिवसांवर आला आणि नाटकाच्या दिवसाचं साउंड सिस्टिमचं बुकिंग यादीतून गायब! सॉफ्टवेअरने प्रत्येक बदलाची वेळेसकट नोंद ठेवली होती, पण नावाच्या जागी सगळीकडे एकच: 'मंडळ'. संशय गेला नव्याने आलेल्या एका विद्यार्थ्यावर, कारण काय, तर "कॉम्प्युटरचं तोच बघतो." बिचारा काही बोलला नाही. पुढच्या मीटिंगला मात्र आला नाही.

उत्सव उरकल्यावर आम्ही ती नोंद घरी पुन्हा काढली. वेळ रात्री ११:४०. सौ. म्हणाली, "अहो, त्या रात्री तुम्हीच नाही का बसला होतात याद्या साफ करत?" नोंद दोनदा पडलीय असं समजून ती आम्हीच पुसली होती!

खरं तर हा धडा जुनाच. १९६१ साली एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने सीटीएसएस ही पद्धत दाखवली. एकच कॉम्प्युटर अनेकांनी एकाच वेळी वापरायचा. यंत्र सामायिक, पण फाइली ज्याच्या त्याच्या, म्हणून पासवर्डही ज्याचा त्याला. पुढे १९७५ साली साल्त्झर आणि श्रोडर यांनी तत्त्व मांडलं: कामाला लागतील तेवढेच अधिकार द्यावेत.

यंदा आम्ही तसंच केलंय. प्रत्येकाचं स्वतंत्र खातं. यादी सर्वांना दिसते, पण जो तो आपल्याच कामाच्या नोंदी बदलू शकतो. सगळे अधिकार फक्त दोघांकडे. एक गावाला गेला तर दुसरा आहे. कमिटी सोडणाऱ्याचं खातं बंद करायचं, पुसायचं नाही, म्हणजे जुन्या नोंदींवरचं नाव राहतं. आणि सामायिक वस्तूंची यादी एकच, प्रत्येक समितीची वेगळी प्रत नाही. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये तर अनेक योजनांना एकच रिसोर्स पूल जोडता येतो; झेपेल त्याहून जास्त काम पडलेल्या माणसाचं नाव लाल दिसतं. आपल्या स्वयंपाकघरातल्या काही काकूंची नावं नक्कीच लाल निघतील!

वेगळं खातं म्हणजे अविश्वास नव्हे, मंडळी. निरपराध माणसाचा तो साक्षीदार असतो.

त्या मुलाच्या घरी जाऊन आम्ही माफी मागितली. त्याने चहा केला. यंदा त्याच्या नावाचं खातं उघडून ठेवलंय. अजून त्याने लॉगिन केलेलं नाही.