क्वार्टर पाडायच्या आधी

वणीतून कोळशाच्या ट्रकमागे धूळ खात गेलं की वेकोलिची, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सची, भालर वसाहत लागते. एका साच्यातली घरं, सरळ रस्ते. देखणेपण शोधणाऱ्यांनी इकडे फिरकू नये. पण इथं एखाद्या दारात रंगाच्या रिकाम्या डब्यात तुळस दिसते, आत खुंटीला हेल्मेट, आणि भिंतीला भिंत लागून वऱ्हाडी, तेलुगू, छत्तीसगढी बोलणारी घरं.

ही घरं कुणाच्या मेहेरबानीची नाहीत. कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम १९४४चा, कायदा १९४७चा. कोळशावर उपकर बसवायचा आणि त्यातून कामगाराला घर, दवाखाना, शाळा द्यायची, ही त्यामागची रीत. १९७३मध्ये खाणी सरकारी झाल्या, १९७५मध्ये वेकोलि आली. कामगारांच्या वसाहती कारखानदारांनीही वसवल्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तिकडे चेकोस्लोव्हाकियातल्या झ्लीनमध्ये बूटवाल्या बाटानं कामगारांचं अख्खं शहर उभारलं. त्यांचं कौतुक सगळे करतात, करावंच. पण ती मालकांची स्वप्नं होती. आपल्याकडची वसाहत कामगाराच्या हक्कातून आली, म्हणूनच बहुधा तिचा कुणी साधा फोटोही काढत नाही.

कोळसा कधीतरी संपणारच. केंद्राच्या कोळसा मंत्रालयानं २००९मध्ये खाणबंदीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. खाण सुरू असतानाच बंदीच्या खर्चाचे पैसे एस्क्रो, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या, खात्यात भरत जायचे, हे ठीकच. मात्र त्या खर्चाच्या तक्त्यात निवासी इमारती पाडण्याचाही एक रकाना आहे! म्हणजे खाण चालू असतानाच घरं पाडायची तरतूद होते, आणि घरात राहणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

जिथं जमीन खचते, तिथं घरांसाठी हट्ट धरू नये; जिवापेक्षा भिंत मोठी नाही. बाकी ठिकाणी मात्र भांडायलाच हवं. वणी तालुक्यात घराला वणवण करणारे कमी आहेत का? मग चांगल्या भिंतींवर जेसीबी कशाला?

वणी-मारेगावकरांनो, आपल्या भागातल्या प्रत्येक खाणीचा बंदी आराखडा माहितीच्या अधिकारात मागवा. वसाहतीचे जुने नकाशे कार्यालयातल्या रद्दीत जाण्याआधी त्यांच्या प्रती काढा. युनियनच्या पुढाऱ्यांनो, वेतनकरारासारखाच हा मुद्दाही बैठकीत लावून धरा. आणि येत्या ग्रामसभेत ठराव घ्या: खाण बंद झाली तरी क्वार्टर, शाळा, दवाखाना पाडायचा नाही, गावाच्या ताब्यात द्यायचा.