थुंकीत काही निघालं नाही, तरी

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी असते. वीसेक किलोमीटरची वाट, पायाखाली चिखल, अंगावर पाऊस. माझ्या थोरल्या मामांनी ही फेरी कधी चुकवली नव्हती. त्या वर्षी मात्र ते अर्ध्या वाटेत दगडावर बसले. "तुम्ही व्हा पुढं, मी येतो," म्हणाले. आम्हाला वाटलं, वय झालं. खोकला होताच, पण पावसाळ्यात त्र्यंबकमध्ये खोकत कोण नाही?

दिवाळीच्या सुमारास छातीचा फोटो काढला. डाव्या बाजूला डाग दिसला. थुंकी तपासली, तिच्यात जंतू सापडले नाहीत. तरी टीबीच असणार म्हणून सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. वजन उतरत गेलं, आवाज घोगरा झाला, डावा खांदा ठणकू लागला. खांद्याला आम्ही बाम चोळत राहिलो. पाचव्या महिन्यात बेडक्यातून रक्त आलं, तेव्हा कुठं नाशिकला सीटी स्कॅन झाला. गाठीचा तुकडा तपासला. फुप्फुसाचा कर्करोग होता आणि तो पसरला होता. पुढच्या श्रावणात मामा नव्हते.

फोटोतला डाग दोन्ही आजारांत सारखाच दिसू शकतो. आपल्याकडं टीबी घरोघरी माहीत, म्हणून मन आधी तिकडंच जातं. दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकी तपासा, हे सरकारनं आपल्याला शिकवलं आणि ते योग्यच आहे. पण थुंकीत काही निघालं नाही तर पुढं काय, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. ते पाच महिने मला अजून छळतात.

मामा बिडी ओढायचे. आपल्या नाशिक जिल्ह्यातलं सिन्नर तर बिडीसाठीच ओळखलं जायचं. सिगरेटपेक्षा बिडी बरी, पानातली असते, असं मामा म्हणायचे आणि आम्हीही माना डोलवायचो. ते साफ खोटं आहे. बिडीचा धूरही कर्करोग करतो, आणि ती विझू नये म्हणून झुरके जास्त मारावे लागतात.

मात्र बिडी न ओढणाऱ्यानं स्वतःला सुरक्षित समजू नये. हा कर्करोग झालेल्या आपल्याकडच्या बायकांपैकी बहुतेकींनी कधी बिडीला हातही लावलेला नसतो. आसपासच्या पाड्यांवर जाऊन पाहा. पावसाची झड लागली की दारं बंद, ओली लाकडं आणि घरभर धूर. उज्ज्वला योजनेचं सिलिंडर 2016 नंतर पुष्कळ घरांत आलं, पण ते भरून आणायला पैसे नसले की कोपऱ्यात उभं राहतं आणि चूल पेटते. तो धूर आधी स्वयंपाक करणारीच्या छातीत जातो. बाहेरच्या प्रदूषित हवेलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2013 मध्ये कर्करोगाचं कारण ठरवलं.

वर्षानुवर्षं भरपूर बिड्या-सिगरेटी ओढलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं त्रास नसतानाही डॉक्टरांना कमी किरणांच्या सीटी स्कॅनबद्दल विचारावं. अमेरिकेत 53 हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष 2011 मध्ये आला: साध्या एक्स-रेच्या तुलनेत या स्कॅननं फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी झाले. गाठ लहान असतानाच सापडली तर शस्त्रक्रियेनं ती काढता येते. खर्चाला घाबरून घरी बसू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत.

घरात कुणाचा खोकला तीन आठवड्यांवर गेला असेल, वजन उतरत असेल, आवाज बसला असेल किंवा बेडक्यात रक्ताची रेघ दिसली असेल, तर थांबू नका. टीबीच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनानं बंद करू नका, पण दोन महिन्यांत उतार पडला नाही तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "हे दुसरं काही असेल का? सीटी स्कॅन करायचा का?" आणि बिडी सोडायची असेल तर 1800-11-2356 या नंबरावर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत.