पोहणे, सायकल, पळणे : पन्नाशीनंतर लागलेला नाद

या पानावर लागणीचे अंतर किंवा पाचट कुजविणे याविषयी काही वाचायला मिळेल, अशी आपली अपेक्षा असणार. पण गेले वर्षभर आम्हाला एका निराळ्याच गोष्टीने झपाटले आहे, आणि तिच्यापायी एकदा आमचा जीव जाता जाता राहिला. म्हणून हे चार शब्द.

या गोष्टीचे नाव ट्रायथलॉन. आधी पोहायचे, पाण्यातून निघून तसेच सायकलवर बसायचे, सायकल टेकवली की पळत सुटायचे. घड्याळ मध्ये थांबत नाही. बूट घालायला लागलेला वेळसुद्धा हिशेबात धरतात. या नावाची पहिली स्पर्धा अमेरिकेत सॅन डिएगो येथे २५ सप्टेंबर १९७४ रोजी झाली. पुढे १९७८ साली हवाई बेटांवर तिचे थोरले भावंड जन्मले, ते आयर्नमॅन. ३.८ कि.मी. पोहणे, १८० कि.मी. सायकल आणि वर ४२ कि.मी. पळणे! त्या पहिल्या खेपेला १५ जण निघाले, १२ जण शेवटाला पोचले.

हे आकडे ऐकले की माणूस जागीच बसतो, आणि आमची तक्रार नेमकी तीच आहे. वर्तमानपत्रांत गाजतात ते लोखंडी पुरुष. पण या खेळात एक धाकटा प्रकारही असतो, हे कोणी सांगत नाही. त्याला स्प्रिंट म्हणतात : ७५० मीटर पोहणे, २० कि.मी. सायकल, ५ कि.मी. पळणे. सिडनीच्या २००० सालच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला, तिथेदेखील अंतर याच्या दुप्पटच आहे. आणि हे सगळे परदेशातच चालते असेही नाही. गोव्यात २०१९ साली मिरामारच्या समुद्रात लोक उतरले. कोल्हापूरच्या राजाराम तलावातही अशा स्पर्धा झालेल्या आहेत.

आम्ही यात कसे पडलो? रक्तात साखर निघाली. उभा जन्म साखरेवर काढला, तिने शेवटी घर गाठले. डॉक्टरांनी चालायला सांगितले, पण चालण्याचा आम्हाला आठ दिवसांत वीट आला. तेव्हा पुण्याचा भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही विहिरीत पोहलेला माणूस, सायकलवर हायस्कूल केलेलं. राहिलं फक्त पळणं." घरातून विचारणा झाली, "आवो, ह्या वयात कसलं हे खूळ?" खूळच ते, पण चिकटले.

आमची पिढी पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकली. विहिरीत मुटके मारणे वेगळे आणि ७५० मीटर कापणे वेगळे, हे तालुक्याच्या तलावावर पहिल्याच दिवशी उमगले. मान वर काढून हात आपटत ५० मीटरला आमची धाप लागली. आमच्या मुलापेक्षा लहान असा शिकवणारा पोरगा म्हणाला, "काका, हवा कोंडू नका, पाण्यात सोडा." तोंड पाण्यात घालून श्वास सोडायला दीड महिना गेला. ज्या दिवशी जमले त्या दिवशी कांडे सुटल्यासारखे अंग मोकळे झाले. सायकलवरून उतरून पळताना पाय आपले वाटतच नाहीत, जसे काही उसने आणलेत, अर्ध्या कि.मी.ने ते परत आपले होतात. ती गंमत सांगून कळायची नाही. साखर उतरली आहे. गोळी मात्र चालू आहे, आणि व्यायामाआधी काय खायचे तेही डॉक्टरांना विचारूनच.

आता ती चूक. तलाव बंद होता म्हणून एका सकाळी आम्ही एकटेच शेततळ्यात उतरलो. पोहणे झकास झाले, बाहेर येता येईना. प्लॅस्टिकच्या कागदावर शेवाळ धरलेले, चारी बाजूंना उतार. पाऊल ठेवावे की घसरून परत पाण्यात. पाच-सहा वेळा असे झाले, हातपाय गळाले. पोहायला येणारा माणूस काठापासून हातभर अंतरावर बुडतो तो असा! मोटारीच्या फुटव्हॉल्व्हचा दोर हाताला लागला म्हणून हा लेख लिहिता येतोय.

शेततळी आता गावोगाव झाली, आणि पोरे उन्हाळ्यात त्यांत उतरणारच. विहिरी आटल्या, बुजल्या, पोहायला शिकवणारे चुलते-मामा मोटारसायकलवर गेले. नुसता "धोका" असा फलक लावून भागत नाही. आमचे मत असे की, प्रत्येक शेततळ्याला चारी बाजूंनी गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली एक ट्यूब असावी. ठिबकच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. दुसरे, बॉयलर थंड असतो त्या उन्हाळ्याच्या दिवसांत कारखान्याने सभासदांच्या मुलांसाठी आणि पन्नाशीच्या मंडळींसाठी पोहण्याचा एक वर्ग चालवावा. स्त्रियांसाठी वेळ वेगळी ठेवावी. विचारणाऱ्या भगिनी आम्हाला भेटल्या आहेत. संचालक मंडळी म्हणतील की, हे काम कारखान्याचे नव्हे. मग कुस्तीच्या मैदानाला देणगी कशी देतो?

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आयत्या वेळच्या विषयांत आम्ही हा ठराव मांडणार आहोत. सूचक आम्ही आहोतच. अनुमोदक पाहिजे.