एवढे अभियंते कशाला?

गूगलच्या मुखपृष्ठावर एक चौकट आणि दोन बटणे. तेवढ्यासाठी लाखाहून अधिक माणसे कशाला, असा प्रश्न आमच्यातील काही सुविद्य मंडळी हल्ली विचारतात, आणि उत्तराची वाट न पाहता शासकीय पदकपातीकडे वळतात. प्रश्न रास्त आहे; त्यामागचे गृहीतक मात्र चुकीचे आहे.

गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिचे २०२३ सालचे उत्पन्न सुमारे ३०७ अब्ज डॉलर होते आणि वर्षअखेरीस कर्मचारी सुमारे १ लाख ८२ हजार (ते सगळेच अभियंते नव्हेत, हे खरे). येथे सीमांत उत्पादकतेचा प्राथमिक सिद्धान्त लावून पाहावा. किराणा दुकानातील अकरावा नोकर त्या एकाच दुकानाची गिऱ्हाइके सांभाळतो. अभियंत्याची सुधारणा मात्र एकाच वेळी कोट्यवधी वापरकर्त्यांना लागू होते, आणि तिची प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्य. जाहिरातींच्या निवडीतील एखाद्या दुरुस्तीने उत्पन्न एक सहस्रांशाने वाढले, तरी वर्षाला तीस कोटी डॉलर हाती येतात. तीसाठी शंभर अभियंते वर्षभर राबवले तरी सौदा स्वस्तच.

यावर व्हॉट्सअ‍ॅपचा दाखला हमखास पुढे येतो. फेसबुकने २०१४ साली ती कंपनी घेण्याचे जाहीर केले, तेव्हा ४५ कोटी वापरकर्त्यांमागे जेमतेम पन्नास-पंचावन्न माणसे होती. पण तेव्हा त्या सेवेत ना आवाजी संभाषण होते, ना चित्रसंभाषण, ना पैशांची देवघेव.

दुसरा दाखला ट्विटरचा. २०२२ च्या अखेरीस तेथील निम्मे कर्मचारी काढले गेले, तरीही सेवा चालू राहिली. राहणारच, ट्रॅकमन काढून टाकले म्हणून गाडी त्याच दिवशी घसरत नाही. ६ मार्च २०२३ रोजी एका किरकोळ बदलाने तेथील दुवे आणि चित्रे उघडेनाशी झाली, आणि ही रचना फार ठिसूळ असल्याचे खुद्द मस्क यांनीच लिहिले.

कंपन्यांत खोगीरभरती होत नाही, असे माझे म्हणणे नाही. मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ११ हजार जणांना काढले आणि मार्च २०२३ मध्ये आणखी १० हजार पदांची कपात जाहीर केली, ते उगीच नव्हे. रखडलेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की तो अधिकच रखडतो, हे फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ सालीच सांगून ठेवले आहे. पण भरती फुगली होती म्हणून काम नव्हतेच, असे ठरत नाही.

आपल्याकडे नेमकी हीच गल्लत होते. आपण संगणकप्रणाली इमारतीसारखी विकत घेतो: निविदा, बांधकाम, उद्घाटन, हस्तांतरण. प्राप्तिकराचे नवे संकेतस्थळ ७ जून २०२१ रोजी सुरू झाले आणि ऑगस्टमध्ये अर्थमंत्र्यांना कंत्राटदार कंपनीच्या प्रमुखांना पाचारण करावे लागले. दोष कोणाचा, हा वाद येथे नको. कायदा दर अर्थसंकल्पात बदलतो, मोबाइल बदलतात, हल्लेखोर रोज नव्या फटी शोधतात. हे सांभाळणारे, प्रणालीची अंतर्रचना जाणणारे स्वतःचे किती अभियंते विभागाच्या आस्थापनेवर असतात? पद मागितले की वित्त शाखेची टिप्पणी ठरलेली: ‘प्रणाली कार्यान्वित झाली असल्याने आवश्यकता दिसत नाही.’ मग देखभालीची तरतूद लिफ्ट आणि वातानुकूलन यंत्रांच्या शेजारी, वार्षिक कंत्राटांच्या यादीत जाऊन बसते.